डबऱ्याहून परत, एसी चालू ठेवून

ग्रंथालयातली जुनी कार्डं मी टाकत नाही. संगणक आल्यापासून ती रद्दीत जायची होती. मी दोन खोके भरून घरी आणली, आणि आता माझ्या सगळ्या याद्या त्यांच्या कोऱ्या बाजूवर असतात. गाडीचं पहिलं कार्ड माझ्याकडे अजून आहे. त्यावर एवढंच लिहिलंय: जाऊन-येऊन ९०. एसी चालू. सहाच्या आत घरी.

माझी बदली डबऱ्याच्या कॉलेजात झाली होती. ग्वाल्हेरहून ते पंचेचाळीस किलोमीटर. घरात आई आणि मी. आई मागच्या वर्षी दोनदा चक्कर येऊन पडली, तेव्हापासून तिला एकटी ठेवता येत नाही. दिवसभर एक बाई असते, पण सहाला ती जाते, कारण तिच्या घरीही तिची वाट बघणारे असतात. दोन महिने मी रेल्वेने गेले. परतीची गाडी वेळेवर आली तर पावणेसहाला घर, नाही आली तर काही सांगता येत नाही. सात वेळा ती बाई माझ्यासाठी थांबली. आठव्या वेळी तिने फार शांतपणे सांगितलं की असं जमणार नाही. म्हणजे एक तर मला डबऱ्यात खोली घ्यावी लागणार होती आणि आईला कुणाच्या तरी भरवशावर सोडावं लागणार होतं, नाहीतर गाडी घ्यावी लागणार होती.

रोजच्या नव्वद किलोमीटरचं पेट्रोल माझ्या पगाराला झेपणारं नव्हतं. नवी इलेक्ट्रिक गाडी त्याहून नव्हती. म्हणून मी जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या किमती बघायला लागले आणि पहिल्याच आठवड्यात चक्रावले. आमच्या शेजाऱ्यांची चार वर्षांची पेट्रोल गाडी जवळजवळ दोन तृतीयांश किमतीला गेली होती. त्याच वयाच्या इलेक्ट्रिक गाड्या निम्म्याहून खाली मिळत होत्या. त्यांत इंजिन नाही, ऑइल नाही, गिअरबॉक्सची कटकट नाही, बिघडायला तशा जागाच कमी. मग किंमत एवढी पडते कशामुळे?

हा प्रश्न मी महिनाभर दिसेल त्याला विचारला. महाराज बाड्याच्या चौकात ज्यांच्याकडे मी चष्मा करते, त्यांनासुद्धा. उत्तरं तीन प्रकारची आली. नव्या गाड्या त्याच पैशात जास्त लांब जातात, म्हणून जुन्या कुणाला नकोत. नव्यांच्याच किमती खाली आल्या, म्हणून जुन्यांच्या आणखी आल्या. आणि बॅटरी गेली तर? हा तिसरा प्रश्न प्रत्येकाने विचारला, पण बॅटरी कशाने जाते, किती जाते, हे एकालाही सांगता आलं नाही. मला हे फार आवडलं. म्हणजे ही किंमत गाडीची नव्हती, लोकांच्या भीतीची होती. भीती खरी किती आणि खोटी किती हे ज्याला मोजता येईल, त्याचा फायदा.

पण मोजायचं कसं? गाडीच्या पडद्यावर शंभर टक्के दिसतात. कशाचे शंभर टक्के, ते दिसत नाही. लोटा भरला की भरलेलाच दिसतो, पण तो लहान आहे की मोठा हे पाणी ओतल्याशिवाय कळत नाही.

त्याच सुमारास आईला कुणाकडून तरी कळलं की काकासाहेब त्यांची गाडी विकणार आहेत. काकासाहेब म्हणजे माझ्या वडिलांचे ब्रिज खेळणारे मित्र. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. त्यांचं घराणं दख्खनेतून घोडदळाबरोबर इकडे आलेलं. घोडे गेले, पण घोड्यांच्या रीती त्यांच्या घरात राहिल्या आहेत. दसऱ्याला त्यांच्याकडे तलवारीशेजारी गाडीचीही पूजा होते, झेंडूची माळ दोघींना सारखीच.

मी बघायला गेले. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पांढरी गाडी उभी होती. चार वर्षांची, मीटरवर नऊ हजार किलोमीटर. मागच्या सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. शेडमध्ये मार्चमध्येच भट्टी होती, पण ते मी तेव्हा लिहून घेतलं नाही. कार्डावर ‘कमी चाललेली’ समोर दोन बरोबरच्या खुणा केल्या, एक पुरेशी वाटली नाही म्हणून.

काकासाहेब रोज संध्याकाळी दिवेलागणीला गाडी चार्जिंगला लावत. चाललेली असो वा नसो. आधी गाडीचा चार्जर, मग स्वतःचं ताट. शंभर टक्के झाले की त्यांना झोप लागत असे. त्यांनी हे मला अभिमानाने सांगितलं आणि मीही ते कार्डावर गुण म्हणून लिहिलं: मालक काळजीवाहू. पाडव्याला घेऊन जाईन, असं मी जवळजवळ कबूल करून आले.

पाडव्याच्या चार दिवस आधी मी ती गाडी मागून घेऊन स्टेशनजवळच्या पडाव भागात गेले. बाहेरच्या चार्जरवर किती वेळ लागतो ते मला घड्याळ लावून बघायचं होतं. तिथे शेजारी तसलीच एक गाडी चार्ज होत होती, त्याच वर्षाची, राखाडी. तिचा मालक स्टेशनवरून हॉटेलांना प्रवासी पोहोचवणारा, माझ्याच वयाचा, हिंदी बोलणारा. दारावर ओरखडे, मागच्या काचेवर अर्धवट खरवडलेलं हॉटेलचं नाव, आत उदबत्तीचा वास. मीटरवर सत्तर हजार. तीही विकायची आहे, म्हणाला, आता त्याला सात जणांची गाडी हवी होती.

त्याने माझं मीटर पाहिलं, मग बॅटरीचा आकडा पाहिला, आणि घरून इथपर्यंत किती किलोमीटर आले ते विचारलं. मी सांगितलं. त्याने मान हलवली.

“मैडम, ये चली नहीं है, खड़ी रही है,” तो म्हणाला. “धूप में, पेट भरके.”

मला वाटलं, याला आपली गाडी खपवायची आहे. तसं मी तोंडावर म्हटलंही. तो रागावला नाही. त्याने स्वतःचा चार्जर ऐंशीवर काढला आणि गाडीत बसला. पूर्ण का करत नाही, असं मी विचारलं. ऐंशीच्या पुढे चार्जिंग हळू होतं आणि रेल्वेने आलेला प्रवासी तोवर रिक्षा करून निघून जातो, म्हणाला. बॅटरीसाठी चांगलं म्हणून नव्हे, घाई म्हणून. चार वर्षं त्याची गाडी वीस ते ऐंशीच्या मध्ये राहिली होती, आणि उन्हात उभी राहायला तिला सवडच मिळाली नव्हती.

घरी येऊन मी वाचत बसले. गाडीबरोबर आलेली पुस्तिका काकासाहेबांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती, उघडलेली नव्हती. तिच्यात शेवटाकडे बारीक अक्षरात लिहिलं होतं की गाडी बराच काळ उभी ठेवायची असेल तर बॅटरी पूर्ण भरून ठेवू नये, आणि उष्ण जागी तर नाहीच. मला माझं ग्रंथालय आठवलं. कसर लागते ती कुणी न नेलेल्या पुस्तकांना. हातोहात फिरणाऱ्यांचे कोपरे फाटतात, पण पानं शाबूत राहतात. सव्वीस वर्षं हे बघत आले आणि गाडीच्या वेळी मीटरकडे बघून दोन खुणा केल्या.

तरी हे सगळं अंदाजाचं होतं. मी काकासाहेबांना निरोप दिला की पाडवा राहू दे, एप्रिलात ऊन तापलं की एकदा डबऱ्यापर्यंत नेऊन बघते. राखाडीच्या मालकालाही तेच सांगितलं. आठवड्याच्या अंतराने दोन रविवार. दोन्ही गाड्या शंभरावर भरून, दुपारी बाराला बाड्यावरून निघायचं, कॉलेजच्या फाटकाला हात लावून परत. एसी चोवीसवर. चाकांत हवा सारखी. चालवणारी मीच.

“आणि मी कुठे बसू?” आईने विचारलं.

मी म्हटलं, तू कशाला, ऊन आहे.

“रविवारी बाई येत नाही. मला काय कुलूप लावून जाणार आहेस? मागे बस म्हण, वजन म्हणून धर. दोन्ही वेळा तेवढंच भरेन.”

ते बरोबर होतं. आई साडेबावन्न किलो, दोन्ही रविवारी. पुढच्या सीटवर पहिल्यांदा काकासाहेब, दुसऱ्यांदा राखाडीवाला. वजनात दोघे उन्नीस-बीस.

पहिल्या रविवारी काकासाहेब इस्त्रीचा शर्ट घालून आले. जाताना ते फार खुशीत होते. चार वर्षांत ही गाडी गावाबाहेर पहिल्यांदाच निघाली होती, हे त्यांच्याच लक्षात आलं. डबऱ्याला आम्ही उसाचा रस प्यायलो. परतताना मात्र त्यांचं बोलणं कमी झालं, कारण आकडा त्यांनाही दिसत होता. चाळीस, पस्तीस, एकतीस. आईने मागून विचारलं की हा आकडा वयाचा आहे का, कुणी हसलं नाही. बाड्यावर पोहोचलो तेव्हा एकोणीस होते.

पुढच्या रविवारी राखाडी गाडीने आम्ही परतलो तेव्हा चौतीस होते.

पंधराचा फरक. मी पुन्हा हवा तपासली, वेळ तपासली, दोन्ही दिवसांचं तापमान तपासलं. दुसऱ्या रविवारी उलट एक अंश जास्त होता. एकोणीस उरले तरी घरी पोहोचता येतं, हे खरं. पण रस्त्यात अडकले तर, मे महिन्यात तर, आणखी दोन वर्षांनी तर? माझ्या पहिल्या कार्डावर तीनच गोष्टी होत्या आणि त्यात ‘पोहोचेल बहुधा’ ही ओळ नव्हती.

काकासाहेबांकडे मी स्वतः गेले. फोनवर सांगता आलं असतं, पण ते बरं दिसलं नसतं. दोन्ही कार्डं शेजारी ठेवली आणि पुस्तिकेतलं ते पान उघडून दिलं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

“म्हणजे मी तिला खाऊ घालून घालून अशी केली,” ते म्हणाले.

मी म्हटलं, उन्हानेही केली, शेडनेही केली.

“आमच्याकडे जनावराला अर्धपोटी बांधायची रीत नाही, पोरी. आजोबा घोड्याला चंदी घातल्याशिवाय पाटावर बसत नसत. मला वाटलं, हिचं तेवढं तरी करावं.”

 मग मी माझ्या पद्धतीने बोलले. त्यांच्या चार्जिंगच्या ॲपमध्ये हद्द घालायची सोय होती, ती ऐंशीवर लावून दिली. शेडमध्ये न ठेवता समोरच्या कडुलिंबाखाली ठेवा, म्हटलं. गावातल्या गावात, मुरारला जाऊन यायला, ही गाडी एका चार्जिंगवर अजून चार-पाच दिवस पुरते, बॅटरी तेवढ्याला भरपूर आहे. हे मी समजूत घालायला म्हणाले नाही. ज्याला रोज पंधरा किलोमीटर जायचंय, त्याच्यासाठी ती गाडी आजही उत्तम सौदा होती, फक्त किंमत बॅटरीप्रमाणे लावायला हवी होती. असा कुणी भेटला तर सांगेन, म्हटलं.

“कशाला,” ते म्हणाले. “रविवारी डबऱ्याला गेलो तेव्हा कळलं, मी ही गाडी कधी चालवलीच नव्हती. पंधरा किलोमीटरचा माणूस मीच आहे की.”

त्यांनी गाडी विकली नाही. आता ते रोज सकाळी तिच्यातून बाड्यावर जातात, वर्तमानपत्र घेतात आणि परत येतात. वर्तमानपत्र पूर्वी घरी येत असे, ते त्यांनी बंद केलं.

राखाडी मी अक्षय्य तृतीयेला घेतली. नव्या किमतीच्या निम्म्याहून बरीच खाली, कारण सत्तर हजार हा आकडा ऐकूनच बाकीची गिऱ्हाइकं परतली होती. भीतीचा पैसा पहिल्या मालकाने भरला आणि मला मिळाली वापरून निबर झालेली गाडी. ओरखडे तसेच आहेत. उदबत्तीचा वास जातो आहे.

खरी परीक्षा मेच्या तिसऱ्या आठवड्यात झाली. लू वाहत होती, भाजणारा वारा, आणि परतीच्या रस्त्यावर एक ट्रक आडवा झाला होता. पस्तीस मिनिटं मी एका जागी उभी, एसी चालू, कारण बंद केला तर बसवत नव्हतं. मनात पांढऱ्या गाडीचा आकडा मांडून बघितला आणि मांडणं सोडून दिलं. रस्ता मोकळा झाला. घराच्या दारात पोहोचले तेव्हा सहाला आठ मिनिटं होती. बाई पायात चपला घालून दारातच उभी होती. माझ्याकडे बघून तिने पर्स खांद्याला लावली आणि नेहमीसारखी, न रागावता निघाली.

आई आत खुर्चीत होती.

“किती उरले?”

“सव्वीस.”

तिने जरा विचार केला. “मी नव्हते ना आत. मग हा चौतिसाशी कसा ताडून बघणार?”

मुद्दा योग्य होता. मी कार्ड काढलं आणि तारखेखाली लिहिलं: २६. अडकून ३५ मिनिटं. आई धरलेली नाही.