एकदा दाबलं की बंद, पुन्हा दाबलं की उघडं

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, त्यांना मी दाजी म्हणतो, आणि माझं ऐकून सगळी गल्लीच त्यांना दाजी म्हणायला लागली. जन्मभर त्यांनी पंक्चरं काढली. सायकलींची, ट्रकची, एकदा तर एका आजारी बाईंच्या हवेच्या गादीचंसुद्धा. ट्यूब पाण्याच्या टबात बुडवायची आणि बुडबुडा दिसला की ओरडायचं, "सापडला चोर!" भोक म्हणजे त्यांचा जन्माचा वैरी. दुकान मुलाच्या हाती दिलं तरी खोड जाते का? भिंतीतलं खिळ्याचं भोक, दाराची फट, उंदराचं बीळ, सगळं बुजवून झालं. अक्का म्हणते, "चाळणी मी लपवून ठेवते बाई, न जाणो!"

अक्का म्हणजे माझी बहीण. ती लोकरीचे कपडे हातानं धुऊन देते. मशीनमध्ये आटतात असे स्वेटर, शाली लोक तिच्याकडे विश्वासानं आणून देतात. मागच्या खोलीतल्या रुंद बेसिनात पाणी भरायचं, कपडा भिजवायचा. घासायचा नाही, पिळायचा नाही, नुसता मायेनं दाबायचा. पण अलीकडे तिच्या बोटांची पेरं आखडली. साखळी तुटलेलं ते जुनं रबरी बूच साबणाच्या पाण्याखालून उपसून काढायचं म्हणजे तिला शिक्षाच. एकदा सांडशीनं ओढायला गेली, तर कुणाच्या तरी शालीचा धागाच निघून आला.

झालं! लेकीला कळलं. "आई, पुरे आता. काम बंद कर आणि माझ्याकडे येऊन निवांत बस."

"बसून काय करू? भिंती मोजू?" अक्का म्हणाली खरी, पण नंतर मला हळूच म्हणाली, "एवढं काम हाताला आहे म्हणून मी उभी आहे रे. बूच निघत नाही म्हणून बंद केलं, हे लोकांना कुठल्या तोंडानं सांगू?"

दाजींनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी चप्पल घातली आणि नळाच्या सामानाच्या दुकानात निघाले. मला काय काम? मीही निघालो.

दुकानातल्या बाईंनी बटणाची बुचं काढून दाखवली. दाबलं की झाकण खाली बसतं, पाणी थांबतं. पुन्हा दाबलं की वर येतं, पाणी जातं. बोटं नकोत, कोपरानंसुद्धा दाबता येतं. दाजी टिक-टिक करत बसले.

"घेणार आहात की खेळणार आहात?" बाई म्हणाल्या.

"आमच्या वडिलांनी जावई निवडताना एवढं वाजवून बघितलं नव्हतं," मी म्हणालो.

"म्हणून तर माझी वर्णी लागली," दाजी म्हणाले आणि पुन्हा टिक!

बाईंनी दोन प्रकार पुढे ठेवले. एकाच्या नळकांड्याला बाजूनं दोन भोकं, दुसरं अगदी सलग. "तुमच्या बेसिनला वरच्या काठाखाली भोक आहे का? असेल तर हे भोकवालं न्या."

पण दाजींचं लक्ष होतं कुठे? त्या भोकांकडे त्यांनी असं पाहिलं, जसं व्याही लग्नात आमटीतल्या खड्याकडे पाहतो. "भोक पाडलेली वस्तू मी विकत घेऊ? मला सलगच द्या."

घरी येऊन बेसिनखाली आडवे झाले. जुनं बूच नळकांड्यासकट काढलं, कडेचा मळ खरवडला, वर एक वॉशर, खाली एक वॉशर, मग नट. मी म्हटलं, "दाजी, चिनी माती आहे, जास्त आवळाल तर तडकेल."

"मेव्हणे, रबर मला शिकवू नका." हातानं आवळलं, पान्यानं जरासं. खाली कोरडा कागद धरला, एक थेंब नाही! स्वारी खूश.

संध्याकाळी अक्कानं एक पांढरी शाल भिजवली, नळ बारीक सोडला आणि दारात आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलायला गेली. एरवी जादा पाणी वरच्या भोकातून जायचं. त्या दिवशी गेलंच नाही. काठावरून सांडलं, खोलीभर पसरलं, शाल अर्धी बाहेर लोंबत होती. अक्का स्टुलावर बसली. "राहू दे. लेकीला कळवा. नाही जमत आता."

दाजींचं तोंड एवढंसं झालं. पण हाडाचा पंक्चरवाला! पेला भरून त्यांनी वरच्या भोकात पाणी ओतलं. कुठे निघतंय ते बघायला खाली वाकले. कुठेच नाही. पाणी भोकाच्या तोंडाशी येऊन उभं राहिलं. मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. ते पाणी बेसिनच्या पोटातल्या वाटेनं बुचाशी येतं आणि बुचाच्या बाजूच्या भोकांतून पाइपात जातं. इथे भोकं होतीच कुठे?

"अगं," ते हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे भोक नाही म्हणून सांडलं?"

अक्का आधी त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग अशी हसली, अशी हसली, की स्टूल हलायला लागलं. "जा, आणा तुमच्या वैऱ्याला घरी!"

सकाळी बाईंचं दुकान उघडलं तेव्हा आम्ही दारात हजर. बाईंनी भोकवालं बूच बाजूलाच काढून ठेवलं होतं. म्हणाल्या, "तुमचा चेहरा बघूनच ठेवलं होतं."

या वेळी भोकं पोटातल्या वाटेच्या समोर येतील असं बूच धरून दाजींनी नट आवळला. नळ मुद्दाम मोठा सोडला. पाणी वर चढलं, भोकाशी गेलं आणि गडगड करत खाली उतरलं. अक्कानं कोपर टेकवलं. टिक! सगळं पाणी गोल फिरत निघून गेलं. तिनं पुन्हा भरलं, पुन्हा सोडलं. मी म्हटलं, "अक्के, घेणार आहेस की खेळणार आहेस?"

आता बुचाची देखभाल दाजींकडे. झाकणाखाली लोकरीचा भुगा साठतो, मग बटण अडतं. दर रविवारी ते झाकण फिरवून काढतात, चिमट्यानं भुगा वेचतात, रबर पुसतात, परत बसवतात. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. अक्का म्हणते, "माझ्या गुडघ्यांकडे कधी एवढ्या प्रेमानं बघितलं नाही हो!"

"तुझे गुडघे उघडून साफ करता येत नाहीत, त्याला मी काय करू?"

परवा लेक आली. आईचं सामान न्यायला पिशव्यासुद्धा घेऊन आली होती. मागच्या खोलीत बघते तर बेसिन भरलेलं, अक्का कोपरानं बटण दाबतेय. "आई, मी तुला..."

"हात धू आधी," अक्का म्हणाली, "आणि तो मोठा टॉवेल टेबलावर पसर. ही शाल आज वाळत पडायला हवी."

लेकीनं पिशव्या खाली ठेवल्या आणि टॉवेल पसरला.