बारातल्या गाळलेल्या तीन स्क्रीन

गेल्या वर्षी जूनमधल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी अकराला, निपाणीत आमच्या घरी बैठक झाली. रक्कम एक लाख आठ हजार. हजर चौघं: मी, बायको, बेळगावात नोकरी करणारा मेहुणा आणि त्याच्या ओळखीची टॅटू काढणारी बाई. तिचं बेळगावात दहा बाय बाराचं दुकान आहे.

विषय ॲपचा होता. ज्याला टॅटू काढून घ्यायचा त्याने मोबाईलवर नक्षी निवडायची, जवळचा कलाकार निवडायचा, वेळ ठरवायची. कल्पना मेहुण्याची, चित्रंही त्यानेच आखलेली. त्याच्या नोकरीत स्वतःच्या नावावर धंदा चालत नाही, म्हणून नाव माझं. मी तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहितो. माझ्या अंगावर साधा गोंदणाचा ठिपका नाही. पण बायकोचा एकुलता भाऊ, आणि ॲपच्या कंपनीशी करार एकाच वर्षाचा. मी सही केली.

मेहुण्याने सतरंजीवर बारा कागद मांडले होते. एक कागद म्हणजे मोबाईलवरची एक स्क्रीन. ॲप बांधून देणारी कंपनी एका स्क्रीनचे नऊ हजार घेणार होती. मी लाल पेन घेऊन बसलो. दोन स्क्रीन सहज गेल्या. तिसरीला हात घातला तेव्हा टॅटूवाल्या बाईने तो कागद धरून ठेवला. त्यावर माणसाची आकृती होती. टॅटू कुठे हवा तिथे बोट लावायचं. खाली एक प्रश्न होता: सैन्यभरतीची तयारी करताय का?

"अण्णा, ही ठेवा," ती म्हणाली. "माझ्याकडं दहातली चार पोरं भरतीची असत्यात. सकाळी पळायला जात्यात, दुपारी माझ्याकडं येत्यात. कोपराच्या खाली, आतल्या अंगाला चालतंय. दंडावर चालत न्हाय. मेडिकलला शर्ट काढला की घरी."

"मग कलाकार तोंडी विचारेलच की. तुम्ही विचारता ना?"

"मी इचारते. सगळी माझ्यासारखी असत्यात व्हय?"

मेहुणा म्हणाला, "दाजी, नऊ हजारानं काय वाडा बांधायचाय?"

मी फुली मारली. वहीत लिहिलं: तीन स्क्रीन कमी, बचत सत्तावीस हजार. पुढचा आठवडाभर हा आकडा मी भेटेल त्याला सांगत होतो.

ॲप दिवाळीनंतर सुरू झालं. वखारीत काट्यावर एक माणूस आहे. तो पोत्याचं वजन ओरडून सांगतो आणि मी लिहितो. अठरा वर्षं आमचं हे चाललंय. त्याचं गाव चिकोडीजवळ. पोरगा दोन वर्षं भरतीसाठी पळत होता, आणि वयाच्या अटीमुळे त्याला एकच भरती उरली होती. पहिल्या पन्नास जणांना तीनशे रुपये सूट आहे, हे मीच काट्यावर बोललो होतो. त्याने घरी जाऊन सांगितलं, आमच्या अण्णांचं ॲप हाय.

पोराने ॲपवरच्या फोटोंतून "आई" अशी अक्षरं निवडली. फोटोत ती दंडावर होती. निपाणीतल्या कलाकाराने फोटोत होती तशीच, दंडावरच काढून दिली. कुणी काही विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी काट्यावरचा माणूस मला म्हणाला, "अण्णा, भरतीसाठी पळवून घेणाऱ्या मास्तरनं पोराला लाईनीतनं बाजूला घेतलाय. म्हणतोय, ह्यो हात घिऊन कशाला पळतोयस?"

संध्याकाळी मी मेहुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "चूक कलाकाराची. त्याला ॲपवरनं काढून टाकू. बापाला तेच सांगा."

आणि मी तेच सांगितलं. चार दिवस मी त्याच्यासमोर बसून वजनं लिहीत होतो. जागा बदलायची सोय नव्हती. काटा एक आणि टेबल एक. खिशातला मोबाईल मधूनच वाजायचा. नवा माणूस, नवी नक्षी, खाली माझं नाव. बंद करावं तर करार जूनपर्यंत. घरी बोलावं तर बायको भावाची बाजू घेईल असं वाटत होतं. तिने घेतली नाही. ताट वाढता वाढता म्हणाली, "सत्तावीस हजार वाचवले म्हणून साऱ्या गल्लीला सांगितलंत. आता हेही सांगा की. की ह्याला वही न्हाय?"

पाचव्या दिवशी काट्यावरचा माणूस म्हणाला, "उद्या सुट्टी टाकतोय. त्या टॅटूवाल्याच्या दुकानात जाऊन बघतो त्याला."

तेव्हा मात्र मला बोलावं लागलं. जागा विचारायची आणि भरतीचं विचारायची स्क्रीन होती, ती नऊ हजारासाठी मी काढली, त्याला कलाकाराने काय करावं, एवढं मी सांगितलं. त्याने काट्यावर पुढचं पोतं ओढून घेतलं.

"एकोणपन्नास दोनशे," तो ओरडला. मग हळू म्हणाला, "लिवा."

मी लिहिलं.

"मला सांगून काय उपेग? पोराला सांगा."

रविवारी त्यांच्या घरी गेलो. पोरगा उंबऱ्यातच उभा राहिला. मी तेच पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलं, ॲपवर हाय म्हंजे चालत असंल. खाली तुमचं नाव हुतं." बाप आतून म्हणाला, "त्यांना च्या दे रं."

बेळगावात त्वचेचे डॉक्टर लेसरने टॅटू घालवतात. एका वेळचे साडेतीन हजार, पाच वेळा, आणि दर दोन वेळांच्या मध्ये सहा आठवडे. पैसे मी भरायचं ठरवलं. भरती सोळा आठवड्यांवर होती. मी डॉक्टरांसमोरच हिशेब मांडला: सोळा आठवड्यांत तीनच वेळा बसतात. अंतर कमी करता येईल का, असं दोनदा विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "कातडी आहे ती. तुमची वही नव्हे."

तिन्ही वेळा मी त्याच्याबरोबर बसने गेलो. जाताना बेळगावच्या अलीकडची काकती ओलांडली की तो बाही खाली ओढायचा, येताना पट्टी बांधलेला दंड खिडकीकडे ठेवायचा. एकदा त्याने विचारलं, "अण्णा, आता दिसतंय का?" मी नीट पाहिलं. दिसत होतं. पुसट झालं होतं, पण दोन्ही अक्षरं वाचता येत होती. मी "व्हय" म्हणालो. खोटं बोललो असतो तर तेवढा रस्ता तरी बरा गेला असता.

काढलेली स्क्रीन मी माझ्या पैशाने परत बसवून घेतली. मेहुण्याने दोन महिने फोन केला नाही.

भरतीत पळण्यात पोरगा त्याच्या गटात दुसरा आला. मेडिकलला शर्ट काढायला लावला आणि बाहेर काढलं. बापाने मला दुसऱ्या दिवशी काट्यावर सांगितलं, दोन पोत्यांच्या मध्ये. त्यानंतर त्याने पुढचं वजन सांगितलं.

उरलेल्या दोन वेळांना यायला पोराने नकार दिला. आता कशाला घालवायचं, आईच हाय, म्हणाला.

शेवटी दिले ते दहा हजार पाचशे, तीन वेळांचे, त्वचेच्या डॉक्टरांना, पावत्या तीन. न झालेल्या दोन वेळांचे सात हजार मी पाकिटात घालून पोराच्या बापापुढे काट्यावर ठेवले. त्याने पाकीट काट्यावरून उचलून माझ्या टेबलावर ठेवलं. त्याला काहीही दिलं गेलेलं नाही.