पाळण्याची पट्टी

रामावर माझा विश्वास होता की नुसती सवय होती, हे मला साठीनंतर कळेनासं झालं. अंगातलं एकेक उतरत चाललं होतं. केस विरळ झाले, गुडघे कुरकुरायला लागले, रिक्षावाले ताई सोडून आजी म्हणायला लागले. ते सगळं मी मुकाट्याने गिळलं. पण आवाज बसायला लागला, तेव्हा गिळता येईना. डॉक्टर म्हणाले, "वयानुसार होतं हे." वयानुसार हा शब्द ऐकला की आजही कुणाच्या तरी कानाखाली द्यावीशी वाटते.

मुलुंडला आमच्या बिल्डिंगांच्या मधोमध रामाचं छोटं देऊळ आहे. लग्न होऊन इथे आले, सासूबाईंनी पुढे बसवलं, आणि तेव्हापासून रामनवमीचा पाळणा मी म्हणत आले. भर दुपारी जन्म झाला, गुलाल उधळला की पहिली ओळ माझी, मग मागून साऱ्या बायका ती उचलायच्या. आमची पट्टी काळी चार, म्हणजे चांगली चढी, मोकळ्या गळ्याची. ती मला झेपेनाशी झाली होती. मागच्या वर्षी तालमीला पेटीवाले सावंतकाका हळूच म्हणाले, "वहिनी, जरा खाली घेऊ का? कोणाला काय कळतंय."

"काळी चारच," मी म्हटलं. पट्टी उतरवली की सगळ्यांना कळणार होतं. आमच्या भजनी मंडळातली तरुण श्रुती माझ्या जागेवर डोळा ठेवून आहे, असं मला वाटायचं. मी रामाकडे एवढंच मागितलं की हे एक वर्ष निभावून ने.

त्याने नाही निभावलं. त्या रामनवमीला दुसऱ्या कडव्यात वरच्या स्वराला आवाज फाटला आणि मग गेलाच. तोंड उघडं आणि आत नुसती हवा. पेटी थांबली. बायका माझ्याकडे बघत राहिल्या. श्रुतीने सुरू करायला श्वास घेतलेला मला दिसला. मेले तर बरं, असं वाटलं, आणि हे मी वाढवून लिहीत नाही.

तेवढ्यात मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका म्हातारीने ओळ उचलली. ओळखीची नव्हती. चपला पिशवीत घालून ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. आवाज जाड, घोगरा, पार खालचा, आणि तिला त्याची काडीची लाज नव्हती. सावंतकाकांनी पेटीची पट्टी तिच्यामागे खाली नेली. बायकाही खाली उतरल्या. थोड्या वेळाने लक्षात आलं की मीही गातेय. पाळणा पुरा झाला.

सुंठवडा वाटताना मी तिला गाठलं. आभार मानायला गेले होते, पण तोंडातून निघालं, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं मध्ये म्हणायला?"

तिने सुंठवडा तोंडात टाकला. "अगो, पाळणो म्हणतस काय हाक मारतस? पोर निजतला कसा?"

एवढं बोलून ती गर्दीतून निघून गेली. कोणी म्हणालं, नाहूरला कोणाकडे तरी पाहुणी आली असेल. कोणी म्हणालं, आम्ही पाहिलीच नाही. मी शोध घेतला नाही, कारण मला तिचा रागच आला होता.

यंदा मंडळाने पाळणा श्रुतीला दिला. मला विचारलंसुद्धा नाही, फक्त पुढे खुर्ची मांडून दिली. काम काढून घेतलं की असा मान देतात. ती छान गायली, काळी चारवर, खणखणीत. "काकू, बरं झालं ना?" तिने विचारलं. "झकास," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं.

सगळे प्रसादाला गेले. मला उठायला वेळ लागतो, म्हणून मी मागे राहिले. मग पाळण्याची दोरी हातात घेतली आणि उरलेल्या आवाजात पहिल्या कडव्यापासून पाळणा म्हटला. दृष्टांत वगैरे काही झाला नाही. ऐकायला एकटा रामच होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी त्याला झोपवण्यासाठी गात होते. त्या म्हातारीला त्यानेच धाडलं असेल, तर त्याचे उपकार मी विसरणार नाही. आवाज त्याने घेतला तो घेतलाच, तो काही परत मिळायचा नाही. माझा रागही गेलेला नाही. तो मी त्याच्याच पायाशी ठेवलाय. दुसरीकडे ठेवायला मला जागा नाही.