कोरा चेहरा

कौटुंबिक न्यायालयात काम शिकायला लागले तेव्हा माझ्या सीनियर मॅडमनी पहिला धडा दिला, "कायदा येईल हळूहळू. आधी चेहरा कोरा ठेवायला शीक. अशील रडो, समोरचा पक्ष हसो, आपल्याला काहीही दिसलेलं नाही." मी घरी आरशासमोर सराव केला. आई म्हणाली, "पोट बिघडलंय का गं?"

परवा व्हरांड्यातल्या बाकावर एका टोकाला आमच्या अशील बाई बसल्या होत्या, दुसऱ्या टोकाला त्यांचे यजमान आणि मधे मी. घटस्फोट दोघांच्या संमतीचा होता. सहीआधी यजमानांनी अर्ज हातात घेतला, लांब धरला, मग नाकाशी आणला. बाईंनी समोर बघतच पर्स उघडली आणि चष्म्याचं घर माझ्या हातात ठेवलं.

"द्या त्यांना. रिक्षात माझ्याकडे दिला आणि विसरले."

म्हणजे दोघं एकाच रिक्षाने आले होते! यजमानांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "गेले वर्षभर उभयतांचा एकमेकांशी कसलाही संबंध उरलेला नाही."

"हळू वाचा हो, लोक ऐकतायत," बाई म्हणाल्या.

"बरं," म्हणून ते हळू वाचू लागले.

संसार मोडायची सगळी कलमं मला पाठ आहेत. पण उद्यापासून चष्मा कुणाच्या पर्समध्ये राहील, याचं कलम काही आठवेना. हसू आवरत मी मदतीसाठी मॅडमकडे पाहिलं. आयुष्य या व्हरांड्यात काढलेल्या मॅडम आमच्याकडे पाठ करून समोरची भिंत मन लावून वाचत होत्या.

भिंतीवर काहीही लिहिलेलं नव्हतं.