पहिल्या हाकेला

"इनं बी ओ देल्ली वो," माझ्या मागे कुणीतरी हळूच म्हणालं.

मी कॅमेऱ्यावरून डोळा काढून मागे पाहिलं. आमची कप्तान आणि गोलकीपर रेषेबाहेर पाणी पीत उभ्या होत्या, पण दोघींचं लक्ष मैदानाच्या मध्याकडे होतं. सहायक प्रशिक्षकाच्या जागेसाठी चाचणी द्यायला आलेली बाई तिथे झाडांकडे तोंड करून उभी होती. "हां, आले!" असं ती नुकतंच मोठ्यानं म्हणाली होती आणि आता आपल्याला कुणी बोलावलं ते शोधत होती. त्या बाजूला धुकं, तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे साग. माणूस कुणीच नव्हतं.

हाक मात्र आली होती. "मॅडम!" अशी, बाईच्या आवाजात, एकदाच.

राजुऱ्याच्या बाहेर, खाणीतून काढलेल्या मातीच्या डोंगराशेजारी आमचं मैदान होतं. एका खाजगी कंपनीनं मुलींचा पगारी हॉकी संघ उभा केला होता. बहुतेक मुली कुरखेड्याकडच्या, ब्रह्मपुरीकडच्या. कुणाच्या घरी धान, कुणाच्या घरी तलावातली मासेमारी. सामने आणि सराव यांचं चित्रण करायचं, ते कापून मुख्य प्रशिक्षकांना दाखवायचं, हे माझं काम. त्यात बोलावं लागत नाही म्हणूनच मी ते पत्करलं होतं. इंग्रजी शाळेतून आल्यामुळे माझं मराठी पुस्तकी वाटायचं आणि मुली हसायच्या, म्हणून मी आणखीच कमी बोलायची.

लीगमध्ये आम्ही तळाला होतो. मुली धावण्यात कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या, स्टिकवर चेंडू चिकटल्यासारखा राहायचा. तरी पास सुटायचे. मुख्य प्रशिक्षक, म्हणजे आमचे सर, चिडायचे. "कान आहेत का तुम्हाला? ती ओरडतेय, ऐकू येत नाही?" मुली मान खाली घालायच्या.

त्यांना ऐकू यायचं. हे मला कळलं होतं ते नोकरीच्या सुरुवातीलाच. तेव्हा एका सकाळी मी गोलमागे वायर गुंडाळत होते. "ताई!" अशी हाक आली. मी ओ देणार इतक्यात कप्ताननं माझं मनगट धरलं.

"थांबा. दुसऱ्यांदा येऊ द्या."

आम्ही थांबलो. दुसऱ्यांदा आली नाही.

"मानसाची हाक दुसऱ्यांदा येते, ताई," ती म्हणाली. "त्याची येकदाच."

"त्याची म्हणजे? वाघाची?"

"वाघाले काऊन भ्यायचं? वाघ दिसते तरी."

एवढं म्हणून ती सरावाला पळाली. नंतर जेवताना दुसऱ्या मुलींकडून उलगडत गेलं. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला बाया रानात पांगतात, एकमेकींना हाका मारत राहतात, आणि पहिल्या हाकेला कुणी उत्तर देत नाही. बोलायला लागल्यापासून पोरींना हेच वळण. ते मैदानावर येऊन कसं सुटणार? पुढची खेळाडू ओरडायची, मधली दुसऱ्या हाकेची वाट पाहायची, तेवढ्यात चेंडू समोरच्या संघाकडे. चित्रण हळू करून पाहिलं की प्रत्येक सुटलेल्या पासमध्ये तोच एक थांबा दिसायचा.

आता या बाईबद्दल. ती पुण्याहून आली होती, वयानं चाळिशीची, एकेकाळची चांगली खेळाडू. सकाळी चहा पिताना मला म्हणाली, "बायकांच्या संघालाही पुरुषच प्रशिक्षक लागतो, बघ. सगळीकडे अर्ज केले. बोलावलं ते फक्त तुम्ही." मग हसून तिनं पायाजवळची मोठी बॅग दाखवली. "परतीचं तिकीट काढलेलंच नाहीये. काढलं असतं तर मी आधीच हरल्यासारखी खेळले असते."

आणि ती होतीही तशीच, हार न मानणारी. सराव सुरू झाल्यावर थोड्याच वेळात तिनं शिट्टी वाजवून सगळ्यांना जवळ बोलावलं. "तुम्ही दोनदा हाक मारता. का गं?"

मुली स्टिकनं टर्फ खरडत राहिल्या.

"बरं, नका सांगू. आपण हाक बंदच करू. हाताची खूण, स्टिकची टकटक. आवाज नाही."

आणि पास जुळायला लागले. मी कॅमेऱ्यामागून पाहत होते. ओल्या टर्फवर चेंडू सरसर जात होता, स्टिकची टकटक, बुटांची चरचर, बाकी शांतता. गोलकीपर ओरडून म्हणाली, "मॅडम, मुक्यावानी खेळून राह्यलो न आमी!" सगळ्या हसल्या. टिनाच्या शेडखाली बसलेले सर आणि कंपनीचे मॅनेजर साहेबही पुढे वाकले होते.

त्याच शांततेत ती हाक आली, आणि तिनं उत्तर दिलं.

त्यानंतर मुली जणू वेगळ्याच झाल्या. साधा चेंडू अडवेनात. खूण केली की भलतीकडेच बघत. कप्ताननं तर समोरून आलेला पास स्टिक उचलून जाऊ दिला. बाई समजावत होती, पुन्हा करून दाखवत होती, तिचा आवाज बसला. शेडखालून मॅनेजर साहेब म्हणाले, "पोरी हिले भाव देऊन नाई राह्यल्या. हे नाई चालणार."

सराव संपल्यावर मी कपडे बदलायच्या खोलीत गेले. कप्तान बुटांच्या नाड्या सोडत होती.

"मुद्दाम केलंत ना?" मी विचारलं.

"हो."

"ती चांगली आहे गं."

"म्हनूनच," ती म्हणाली. "जाऊ द्या तिले घरी. पयलेच्या सराचं काय झालं, तुमी नाई पायलं का?"

मी पाहिलं होतं, इतरांपेक्षा जास्तच. आधीचे सहायक सर मोठे गमत्ये होते. एका सकाळी झाडांकडून हाक आली तेव्हा ते "अरे, आलो आलो!" म्हणून हसले. त्यानंतर बोलता बोलता मध्येच थांबायचे, कुणी काही सांगितल्यासारखी मान हलवायचे. चित्रण कापताना मला ते चौकटीच्या कडेला दिसायचे, आणि रोज थोडे अधिक कुंपणाकडे सरकलेले. मी कॅमेरा हलवला असेल म्हणून स्टँडच्या पायांखालच्या खुणा तपासल्या. कॅमेरा जागेवरच होता. मग एक दिवस ते दिसेनात. त्यांचे बूट कुंपणाशी होते, नाड्या नीट बांधलेल्या. पलीकडच्या तलावावर जाळं टाकायला गेलेल्या माणसांना ते काठावर पाण्यात पाय सोडून बसलेले सापडले. "जेवायला बोलावलं होतं," एवढंच ते म्हणाले. त्यांचा भाऊ येऊन त्यांना घेऊन गेला. ऑफिसात सांगितलं गेलं, इथलं हवापाणी मानवलं नाही.

"तिले नोकरी नाई भेटली तर रडन दोन दिवस," कप्तान म्हणाली. "जिती तर राहीन."

दुपारी ऑफिसात बैठक झाली. बाई बाहेर बाकावर बसली होती, बॅग पायाशी घेऊन. आत सर, मॅनेजर साहेब आणि लॅपटॉप चालवायला मी.

"पहिला अर्धा तास चांगला होता," सर म्हणाले. त्यांना ती हवी होती असं मला वाटलं. "मध्येच बिनसलं. कुठे बिनसलं ते दाखव."

मी चित्रण लावलं. धुकं, हलणाऱ्या मुली, टकटक. मी आवाज वाढवला. कॅमेऱ्याचा माइक चांगला होता. दूर कुठे भारद्वाज घुमत होता तोही ऐकू येत होता. मग पडद्यावर बाई झाडांकडे वळली. "हां, आले!"

त्याआधी काही नव्हतं.

मी मागे नेऊन पुन्हा लावलं. भारद्वाज. टकटक. "हां, आले!" आणि लगेच, अगदी माइकजवळ, कप्तानची कुजबूज. हाक नव्हतीच.

मी ती हाक कानांनी ऐकली होती.

"ही कोणाले उत्तर देते?" मॅनेजर साहेबांनी विचारलं.

सरांनी चित्र थांबवायला लावलं. पडद्यावर बाईचा चेहरा अर्धा वळलेला, ओठांवर हसू, कुणीतरी ओळखीचं दिसल्यासारखं.

"तुम्हाला काही ऐकू आलं होतं का, साहेब?"

"मी तर फोनवर होतो. तुमाले?"

"मला नाही." सर खुर्चीत मागे टेकले. "आधीच्याचंही असंच सुरू झालं होतं. पुन्हा तसला माणूस नको."

"मंग मिटलं. स्टेशनवर गाडी सोडन म्हना तिले. काय सांगायचं ते तुमी पहा, सर. डोक्यात फरक हाय असं काई बोलू नका तिच्या तोंडावर."

"तोंडावर नाही. पण पुढे कुणी विचारलं तर मला खरं सांगावं लागेल."

खिडकीतून मला ती दिसत होती. आपल्याला कधी बोलावतात म्हणून दाराकडे पाहत बसली होती. मी गप्प राहिले तर ती या झाडांपासून लांब जाणार होती, कप्तानला हवं होतं तसं. पण वेडी ठरून जाणार होती, आणि मग तिला कुणीच बोलावणार नव्हतं. बोलले तर कदाचित ती इथेच राहील, रोज सकाळी त्या कुंपणाला पाठ करून उभी राहील. यातलं कुठलं बरं, हे मला अजूनही सांगता येत नाही. एवढंच कळत होतं की हे तिला न विचारता ठरत होतं. आधी मुलींनी ठरवलं, आता हे दोघे ठरवत होते.

सर तिला निरोप द्यायला उठले. मीही उठले. या खोलीत मला कुणी कधी काही विचारलं नव्हतं, त्यामुळे आवाज किती लावायचा याचाही अंदाज नव्हता. तो जरा मोठाच निघाला.

"हाक आली होती, सर. मी ऐकली, मुलींनीही ऐकली, आणि त्या तिच्यासाठी घाबरल्या म्हणून वाईट खेळल्या. तिला आत बोलवा, सगळं सांगा, आणि राहायचं की नाही ते तिला ठरवू द्या."