आमचे साडू आणि खोटारडे दिवे

अख्ख्या परभणी जिल्ह्यात चार दिव्यांशी दोन वर्षं भांडत असलेला माणूस एकच, आणि तो माझा साडू आहे. माणसांशी भांडणारे पैशाला पासरी मिळतात. साडूंचं भांडण मात्र गव्हाच्या दाण्याएवढ्या दिव्यांशी, आणि तेही संडासाच्या टाकीच्या.

साडू पालमचे. एसटीच्या वर्कशॉपात बोल्ट आवळत त्यांची हयात गेली. निवृत्त झाले आणि एक जुनी, खटारा मिनीबस घरी घेऊन आले. आत दिवाण टाकला, गॅसची शेगडी बसवली आणि मागच्या कोपऱ्यात दार लावून खुर्चीसारखं बसता येईल असा संडास केला. गाव पोट धरून हसलं. पारावर कुणीतरी विचारलं, "काय मेस्त्री, फिरता संडास काढला म्हणं?" साडू जागचे हलले नाहीत. म्हणाले, "काढला. तुमाला लागला तर रांगेत या." खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, पण आम्हाला माहीत होतं. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, गुडघ्यांनी पार जायबंदी झाली होती. खाली बसता येईना, म्हणून लग्नकार्य बंद, माहेर बंद. बाई घराच्या उंबऱ्याला खिळली होती, आणि तिला तिथून हलवायचंच असा साडूंनी पण केला होता.

गाडी झकास झाली. घोळ घातला तो दिव्यांनी. संडासाच्या टाकीला आतून चार सेन्सर, आणि टाकी किती भरली ते सांगायला ड्रायव्हरसमोर चार दिवे: रिकामी, पाव, निम्मी, भरली. पण सेन्सरला घाण चिकटली की दिवे वाट्टेल ते बोलत. एकदा अक्काला चारठाण्याची जुनी देवळं दाखवायला निघाले, तर जिंतूरच्या अलीकडेच 'भरली' पेटला. टाकी रिकामी करायची तर ती घरच्या शोषखड्ड्यातच, हा साडूंचा कायदा; दुसऱ्याच्या बांधावर थेंब सांडणार नाहीत. तशीच गाडी वळवली, पालमला येऊन टाकी उघडली, तर आत जेमतेम दोन बादल्या. देवळं राहिली ती राहिलीच. साडूंना ते फार लागलं.

मग सुरू झाली लढाई. कंपनीला फोन लावला. तिथला पोरगा म्हणाला, "सर, सेन्सर बदलून घ्या." साडू गरजले, "दोनदा बदलले. आता तुमाला बदलावं म्हणतो!" टाकीत साबणाचं पाणी ओतून झालं, चिंचेचा कोळ ओतून झाला. एकदा रसवंतीवरून बर्फाची लादी आणली, तिचे तुकडे टाकीत टाकले आणि खड्ड्याखड्ड्यातून गाडी गंगाखेडपर्यंत आदळत नेली, म्हणजे बर्फानं सेन्सर घासले जातील. घासले गेले ते आम्ही! मी मागच्या दिवाणावर होतो, म्हणून सांगतो. त्या दिवसापासून दिव्यांनी बाजू बदलली आणि टाकी भरली तरी 'रिकामी'च पेटू लागला. मी शाळामास्तर माणूस. म्हटलं, "तोडून टाका ना ती वायर." म्हणाले, "न्हाई गुरुजी. बेइमान माणूस नजरंसमोर असलेला बरा."

अशात राणीसावरगावला अक्काच्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. सहा वर्षांनी अक्का माहेरी निघाली. आम्ही नवराबायकोही त्याच गाडीतून गेलो. हळदीच्या दिवशी सगळं सुरळीत पार पडलं. लग्नाच्या सकाळी मात्र अक्काची चुलती काठी टेकत आली आणि हळूच म्हणाली, "खुर्चीवानी बसायचा संडास हाय म्हणं तुमच्या गाडीत? माझे बी गुडघे गेलेत गं बाई." तिच्यामागून दुसरी आली, तिसरी आली. दुपारपर्यंत गाडीशेजारी लिंबाखाली म्हाताऱ्यांची रांग लागली. दिवा म्हणत होता 'रिकामी', आणि साडूंना घाम फुटला होता. टाकी मांडवाशेजारी वाहिली असती, तर अक्काची माहेरात शोभा झाली असती आणि ती पुन्हा कधीच घराबाहेर पडली नसती. गाडी पालमला न्यावी, तर तिच्या संडासाविना अडणाऱ्या अक्कालाही जावं लागणार, आणि अक्षता तर घटकेवर आलेल्या. साडूंनी किल्ली काढली. "चल. इज्जतीपुढं लगीन मोठं न्हाई."

अक्का खुर्चीतून उठली. काठी टेकत गाडीच्या मागं गेली, बाजूचं झाकण उघडायला लावलं आणि काठीच्या मुठीनं टाकीवर वरून खाली ठोकत आली. ठण, ठण, आणि मग बद्द. तिथं बोट ठेवून म्हणाली, "इथवर आलीय. वर वीतभर जागा हाय. अजून धा जणी जाऊ द्या, मंग माझ्यापुरती जागा ठिवून कुलूप लावा."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"अवो, घरात ज्वारीच्या कोठ्या वाजवून दाणा कुठवर हाय ते कोण सांगायलंय इतके वर्ष? तुमचा दिवा?"

लिंबाखालच्या म्हाताऱ्या अशा हसल्या की बँडवाल्यांनीही वळून पाहिलं. दोन वर्षं दिव्यांपुढं न झुकलेला आमचा साडू मुकाट्यानं किल्ली खिशात टाकून उभा राहिला. दहा जणी मोजून गेल्या, अकरावीच्या आधी कुलूप लागलं. अक्का मांडवात पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली आणि तिनं शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत अक्षता टाकल्या.

परतीच्या वाटेवर ऊन मरायच्या सुमारास अक्का मागून म्हणाली, "तांब्या द्या बरं इकडं." माझ्या बायकोनं तांब्या दिला. साडूंनी गाडी कडेला घेतली आणि माझ्याकडं न बघता हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, कुठं जायचं म्हणलं की वाटंत संडासाची अडचण नको म्हणून ही आदल्या दिवसापासून पाणी तोडायची. ओठ वाळायचे, पण घोट घ्यायची न्हाई. अन् मी गाढव, मला वाटायचं, हिला तहानच लागत न्हाई."

त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मागं अक्का वर तोंड करून घटाघट पाणी पीत होती. तिनं तांब्या खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं, तेव्हा कुठं साडूंनी गाडी सुरू केली.