भाऊबीजेचा सुपरचार्जर

माझ्या भावाला कुणी गाड्यांतला जाणकार म्हटलं की अजूनही माझं डोकं फिरतं. शिनोलीत त्याचं गॅरेज आहे, गिऱ्हाईक भरपूर आहे, आणि आमच्या घरात त्याच्या शब्दाला वजन आहे. तेव्हा माझ्याकडे एक जुनी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी होती. तिच्या जिवावर मी घोडेगावहून वर तळेघरच्या बाजूला एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवायला जायचे. नोकरी तासिका तत्त्वावरची, म्हणजे तास बुडायला लागले की बाई बदलणार. एसटी आली तर आली, आणि आली तरी पहिला तास गेलेलाच. नवऱ्याच्या आणि सासूबाईंच्या डोळ्यांत ही नोकरी पहिल्यापासून खुपत होती. गाडी होती म्हणून त्यांचं काही चालत नव्हतं.

एकदा मी सहज बोलून गेले, की पोखरी घाटात गाडी धापा टाकते. झालं! भाऊबीजेला ओवाळलं, तर ताटात काही टाकायच्या ऐवजी यानं माझ्याकडे गाडीची किल्ली मागितली.

"ताई, यंदाची ओवाळणी गाडीला. सुपरचार्जर बसवतो. घाटात अशी पळंल, की बघत राहशील."

पुण्याच्या भंगार बाजारातून तो त्यानं आधीच आणून ठेवला होता. ओवाळणीला नाही म्हणायची आपल्यात पद्धत नाही. मी किल्ली दिली.

सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो आणि सिलिंडरमध्ये हवा दाबून कोंबतो. हवा वाढली की तिच्या मापात पेट्रोलही वाढायला हवं, हे मी नववीच्या पोरांनाही सांगू शकले असते. म्हणून तो बसवत असताना विचारलं, "अरे, पेट्रोल पुरंल का?"

"पेट्रोल सोडणारे इंजेक्टर मोठे टाकल्यात."

"आणि टाकीतला पंप?"

"त्यो हाय त्योच. त्याला काय व्हत न्हाई."

विहिरीवरच्या त्याच मोटरला आणखी ठिबक जोडलं की शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही, हे त्याला शेतात कुणी सांगावं लागलं नसतं. इथे मात्र मी सांगूनही त्याच्या डोक्यात शिरेना.

आमचं माहेर बैलगाड्याच्या शर्यतीचं वेडं. त्यामुळे गाडीची परीक्षा त्यानं कुठे घ्यावी? गावच्या शर्यतीच्या घाटात, म्हणजे बैल पळवायच्या चढाच्या धावपट्टीवर! तिथे बैलांची एक बारी म्हणजे खालून सुटायचं आणि वर निशाण पडेपर्यंत पळायचं, श्वास रोखून धरला तर तो सोडायच्या आत संपणारं काम. गाडी सुसाट वर गेली. मित्रांनी तिच्यावर भंडारा उधळला. मग बॉनेट उघडून, बैलांना देतात तसा तिला दम खाऊ दिला आणि पुन्हा बारी. एवढ्याशा धावेत पंप कमी पडतोय की नाही, हे कळणार तरी कसं?

मी म्हटलं, "मला सगळा पोखरी घाट सलग चढायचा असतो."

त्याचा एक मित्र हसून म्हणाला, "ताई, एवढी बारी मारली, आता घाट काय चीज हाय राव!"

सुट्टी संपून शाळा उघडली त्या सकाळी मी निघाले. डिंभ्याच्या पुढे चढण लागली आणि गाडी खरंच उचलून नेल्यासारखी जायला लागली. खोटं कशाला बोलू, मलाही मजा वाटली. मग निम्म्या घाटात पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज सुरू झाला. मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढेपर्यंत मागे धूर आणि पुढे ताकद संपलेली. नंतर इंजिन उघडलं तेव्हा पिस्टनला भोक पडलेलं दिसलं. सलग चढणीला पंपाचं पेट्रोल पुरलं नव्हतं. आत कोंबलेली हवा आणि कमी पेट्रोल, त्यानं वाढलेल्या उष्णतेनं पिस्टन वितळला होता.

इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात उघडं पडून राहिलं. आज सामान येईल, उद्या येईल. मी एसटीनं जात राहिले, तळेघरपासून पुढे चालत. तास बुडत गेले. शेवटी मुख्याध्यापकांनी बाजूला घेऊन सांगितलं, की पोरांचा अभ्यास मागे पडतोय, दुसऱ्या बाई ठरल्यात. ते चांगल्या शब्दांत बोलले, त्याचाच जास्त त्रास झाला.

त्या रविवारी भाऊ आमच्याकडे जेवायला होता. नवरा म्हणाला, "बरंच झालं. आता घरात लक्ष दे."

मी भावाकडे बघितलं. गाडी करून देतो, एवढं जरी तो म्हणाला असता, तरी मी सगळं गिळलं असतं.

त्यानं भात कालवता कालवता मान हलवली. "दाजींचं खरं हाय, ताई. बाईमाणसानं रोज एवढं डोंगरात कशाला जायचं?"

मला तिथेच ओरडावंसं वाटलं. सासूबाई म्हणाल्या, "भावाला आमटी वाढ."

मी वाढली.